डिंभ्याचं बेट

अंदमान हा शब्द आमच्या घरात उन्हाळ्यापासून कुणी काढत नव्हतं. मुलीच्या कॉलेजची सहल तिकडे निघाली होती. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय वनस्पतिशास्त्र, बरोबर दोन सर आणि एक मॅडम. बेटाबेटांवर पायी हिंडायचं, झाडं बघायची, पानं गोळा करायची आणि आठवड्याने परत यायचं. मी नाही म्हणाले. विमान, बोट, समुद्र आणि पोहता न येणारी मुलगी. मी मंचरला एका दवाखान्यात नर्स आहे. घरातून नीट गेलेली माणसं कुठल्या अवस्थेत आमच्याकडे येतात ते मी रोज बघते, त्यासाठी मला समुद्र लागत नाही, आमचा हायवे पुरेसा आहे. तेव्हा नाही म्हणाले ते बरोबरच होतं, असं मला आजही वाटतं.

तिने रडारड केली नाही, भांडलीही नाही. फक्त बोलणं आटवलं. जेवलीस? हो. छत्री? घेतली. उशीर होईल? नाही. एवढ्या शब्दांवर आमचं घर कितीतरी दिवस चाललं होतं. नवरा कांद्याच्या गाडीवर ड्रायव्हर, तो आठ-आठ दिवस बाहेर. घरी आला की त्याच्याशी ती पोटभर बोलायची, हसायची, आणि मी चहा घेऊन आत गेले की दोघं टीव्हीकडे बघायला लागायची. त्याला सांगितलं तर म्हणाला, "तुमचं तुम्ही मिटवा. मला मधी घेऊ नका." असा हा माणूस. हायवेवर कुठल्याही ट्रकला आडवा जाईल, पण घरात नाही.

ऑगस्टमध्ये तिला कोल्हापूरला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. सोमवारी निघायचं ठरलं. मी रजा टाकली. तिला सोडायला जायचं, तिथे बुद्धविहाराशेजारी माझी चुलत नणंद राहते तिच्याकडे मुक्काम करायचा, हॉस्टेल बघायचं, मेस बघायची, संडास-बाथरूमच्या कड्या लागतात का ते बघायचं, मग परत यायचं. हे सगळं मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं." त्या "बरं"ने माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण त्याहून जास्त भीती वाटली. मुलगी न बोलता घराबाहेर पडली, तर तिथे तिला न बोलण्याचीच सवय लागेल. सणाला येईल, जेवेल, हो-नाही म्हणेल आणि जाईल. सोमवारच्या आत तिने माझ्याशी धड बोलायला हवं होतं. बाकी मला काही नको होतं.

आणि नेमकं तेव्हाच बेट निघालं.

आमच्या दवाखान्यात वॉर्डात काम करणारी एक मावशी आहे, माहेर डिंभ्याकडचं. ड्रेसिंगच्या ट्रॉलीशी उभ्या उभ्या मी तिला सहज विचारलं, "मावशी, तुमच्या धरणाच्या पाण्यात बेट-बिट आहे का हो एखादं?"

"हाय की," मावशी म्हणाली. "आमच्या भावाकडंच हाय. लई मोठं बेट."

"हिरवंगार?"

"शिष्टर, आत शिरलं की ऊन लागत न्हाई, एवढं गच्च. धरण भरलं की पानी पार बेटाच्या बुडाशी येतं. जावा की बगाया."

"पाण्यातून जावं लागतं का?"

"वाटंत एक वढा हाय. गुडघाभर. पायीच जायचं. चिखल मातुर लई."

"साप?"

"आता बेट म्हनल्यावर असायचेच."

मला आणखी काय हवं होतं? अंदमान नाही तर डिंभे. गच्च हिरवं बेट, पायी हिंडायला मिळणार, आणि संध्याकाळी घरी परत. मुलीला सांगितलं तेव्हा तिने मोबाइलवरून मान वर केली. "डिंभ्याला बेट आहे?" असे चक्क तीन शब्द बोलली. मी गुरुवारची माझी सुट्टी तिथल्या तिथे ठरवून टाकली.

गुरुवारी सकाळी चपात्या, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, टॉर्च, बँडेज, डासांचं मलम आणि दोघींचे रेनकोट घेऊन आम्ही मंचरच्या स्टँडवर उभ्या होतो. मी नवे बूट घातले होते. आयुष्यात पहिल्यांदा बूट. डिंभ्याची गाडी कुठे लागते ते कंट्रोलरला विचारलं तर तो म्हणाला, "येईल." थोड्या वेळाने म्हणाला, "येईल हो ताई." मग म्हणाला, "आज घोडेगावपर्यंतच हाय." हे आधी सांगायला त्याला काय धाड भरली होती कुणास ठाऊक. घोडेगावात उतरलो, पुन्हा उभ्या. श्रावण चालू, त्यामुळे भीमाशंकरच्या गाड्या माणसांनी फुगलेल्या. एकीत कशाबशा घुसलो. एका आजोबांची पिशवी माझ्या पोटात आणि कुणाचा तरी ओला रेनकोट माझ्या मानेला, अशी मी डिंभ्यापर्यंत उभी होते. मुलगी दाराशी. कानात ते वायरचं खुपसलेलं. मी लांबूनच खुणेने विचारलं, बरी आहेस ना? तिने अंगठा दाखवला.

डिंभ्याला उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता. भाताची खाचरं इतकी हिरवी होती की डोळ्यांना त्रास व्हावा. थोडं वर चढल्यावर धरणाचं पाणी दिसलं, आणि त्या पाण्यात, बरंच आत, एक हिरवी पाठ वर आलेली दिसली.

"ते बघ!" मी ओरडले. "ते बघ बेट!"

तिने कानातलं काढलं. डोळ्यांवर हात धरून बघितलं. "खरंच की," म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि मला वाटलं, जिंकलं आपण. आत्ता बोलेल. पण ती पुढे चालायला लागली, आणि चालते ती आपल्या बापासारखी, मागे कोण आहे याचा विचार न करता.

मावशीने सांगितलेली वाट म्हणजे वाट नव्हतीच, दोन शेतांमधला चिखल होता. पाय टाकला की बूट आत, पाय काढला की नुसता पाय वर. एकदा मी बसकण मारली. पाठीमागून गुरं घेऊन येणाऱ्या बाईने विचारलं, "पडल्या का?" मी म्हणाले, "नाही, बसलेय." ओढा लागला तेव्हा मी मुलीपुढे हात केला, धर म्हणून. तिने सलवार वर खोचली आणि ती पलीकडे गेलीसुद्धा. मी हात तसाच घेऊन पाण्यात उतरले. मधोमध गेल्यावर उजव्या बुटाने तळ सोडला. नवा बूट. दुकानदार म्हणाला होता ट्रेकिंगचा आहे. पलीकडे जाऊन बघते तर तळ पुढून उघडलेला. मुलीने एक अक्षर न बोलता माझ्या पिशवीतून बँडेज काढलं, माझा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला आणि बूट असा गुंडाळला की आमच्या ओपीडीत शोभावा. मी म्हणाले, "छान बांधलंस." ती म्हणाली, "हं."

त्या "हं"वर मी उरलेली वाट चालले. मनात म्हणत होते, आता बेट. बेटावर गेलो की बोलेल. तिथे झाडं असतील, तिला झाडांची लॅटिन नावं येतात, ती सांगेल आणि मी ऐकेन. मी विचारायचे प्रश्नसुद्धा ठरवून ठेवले होते.

मावशीचा भाऊ दारातच उभा होता. घर चढावर, खाली गोठा, त्याच्या एका बाजूला शेत आणि मागे धरणाचं पाणी. "शिष्टर ना? या, या. बहिनीचा फोन आलता. बेट बगायचंय म्हनली." तो मनापासून खूश दिसत होता. त्याच्याकडे बेट बघायला बहुधा पहिल्यांदाच कुणी आलं होतं.

मी म्हणाले, "होडी कुठे लागते?"

"होडी?"

"बेटावर जायला."

त्याने माझ्या बँडेज बांधलेल्या बुटाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. "होडी कशाला पायजे, ताई? ह्ये काय, गोठ्याच्या मागं."

आम्ही गोठ्याच्या मागे गेलो. तिथे बांबू होते. एका जागी दाटलेले, जाडजूड, हिरवेपिवळे, माडीच्या घराहून उंच बांबू. वाऱ्याने एकमेकांवर घासून कुरकुरत होते. मावशी खोटं बोलली नव्हती. आत ऊन लागत नव्हतं. पाणी बुडाशी आलेलं होतं. साप असणारच होते.

बेट. कळकाचं बेट. बांबूच्या जाळीला आपल्याकडे बेटच म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या आजोळी विहिरीवर होतं, त्यात आमचा चेंडू जायचा, आणि "बेटात जाऊ नका गं" हे वाक्य मी लहानपणी हजारदा ऐकलेलं. पण डोक्यात अंदमान शिरलेलं असलं की माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही.

"हे बेट?" मी म्हणाले.

"मंग! आज्ज्यानं लावल्यालं. ह्या बाजूला एवढं मोठं बेट कुनाकडं न्हाई. लांबून लोकं येत्यात कळकासाठी."

"आणि ते पाण्यातलं? ते लांब दिसतं ते?"

"ते व्हय? ती टेकडी हाय. पानी वाढलं का निम्मी बुडती. तितं कोन जातंय, नुस्तं काटं हायेत."

माझ्या मागून आधी नाकातून एक आवाज आला. मग दुसरा. मी वळून बघितलं तर मुलगी तोंडावर हात दाबून उभी होती, डोळ्यांत पाणी. मग तिने हात काढला आणि ती हसली. खदखदा. हसता हसता बांधावरच्या दगडावर बसली, पोट धरलं, "आई, बेट! होडी कुठे लागते!" एवढं म्हणून पुन्हा हसली. मावशीच्या भावाला काही कळलं नव्हतं तरी तोही हसायला लागला. त्याला वाटलं असेल, बेट आवडलं.

मला हसू आलं नाही. मला संताप आला होता. मावशीचा, कंट्रोलरचा, बूटवाल्याचा, मराठी भाषेचा, ज्यांना एका वस्तूला दुसरं नाव सुचलं नाही त्या सगळ्या पूर्वजांचा. मी उभ्याने आले होते, चिखलात बसले होते, एकुलती सुट्टी घालवली होती, ती गोठ्यामागचे बांबू बघायला.

"फिरून या की बेटाला," तो म्हणाला, "मी च्या ठेवाया सांगतो." आणि घराकडे गेला.

आलोच होतो तर फिरलो. एका बाजूने गेलो, दुसऱ्या बाजूने निघालो. बेट पायी फिरून झालं तेव्हा घरातून अजून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता.

मग आम्ही आत, वाळक्या पानांवर रेनकोट पसरून बसलो. डबा उघडला. मुलगी अजून मधूनच हसत होती. एक पान उचलून उलटंपालटं करून बघत होती. मला वाटलं, चला, हेही नसे थोडके. हसली म्हणजे बोलेल. फजिती माझी झाली असली तरी काम तर झालं. मी तिच्या चपातीवर भाजी वाढली आणि म्हणाले, "बघ. तुला बेट बघायचं होतं ना? दाखवलं की नाही मी?"

तिचं हसू गेलं. एकदम नाही, हळूहळू.

"आई," ती म्हणाली, "मला बेट बघायचं नव्हतं गं."

"मग एवढा अबोला कशासाठी धरलास? अंदमान-अंदमान करून?"

"अंदमानचं काही नव्हतं. सहल शिरूरला गेली असती ना, तरी मला चाललं असतं." तिने पान दुमडलं. "मला तुझ्याशिवाय कुठेतरी जायचं होतं. एकदा. कुठेही."

तीच पुढे बोलली, आणि आवाज मुळीच चढवला नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. "शाळेत तू सोडायचीस. कॉलेजच्या स्टँडवर तू उभी असायचीस, ड्यूटीवरून दमून यायचीस तरी. परीक्षेला बाहेर बसायचीस. मला कळतं ते का करतेस. पण मला अजून माहीतच नाही आई, की मला एकटीला गाडी पकडता येते का." मग थांबून म्हणाली, "सोमवारी मी एकटी जाऊ?"

कितीतरी दिवसांनी मुलगी माझ्याशी बोलली होती. सोमवारच्या आत बोलायला हवी होती, आणि बोलली होती. माझ्या मनासारखं झालं होतं, आणि मला ती पिशवी, तो डबा, सगळं उचलून त्या धरणात फेकावंसं वाटत होतं. म्हणजे मी एवढं करते ते ओझं? रजा मंजूर झाली आहे. नणंदेला कळवलंय, तिने गादी उन्हात टाकली असेल. हॉस्टेलची जागा कशी आहे, वॉर्डन कशी आहे, कुणी बघितलंय? आणि ही विचारते, एकटी जाऊ? विचारते कशी, तेही बघा. अठरा ओलांडून गेलेली मुलगी "जाऊ?" म्हणून विचारते. याचाही मला राग आला, म्हणजे नक्की कशाचा आला ते मला सांगता येणार नाही.

"कड्यांचं काय?" मी म्हणाले. तोंडातून तेवढंच निघालं.

"बघेन मी कड्या," ती म्हणाली.

तेवढ्यात चहा आला. मावशीच्या भावाने कळकाचे कोवळे कोंब पिशवीत भरून दिले, भाजी कशी करायची ते सांगितलं, कडूपणा जायला आधी उकळायचे म्हणाला. मी "हो, हो" करत होते. तो म्हणाला, "पुन्यांदा या बेट बगायला." मी "येऊ की" म्हणाले, कारण त्याची काही चूक नव्हती.

परतताना न बोलण्याची पाळी माझी होती. ओढ्यापाशी तिने हात पुढे केला आणि मी तो धरला नाही. दुसऱ्या बुटाचाही तळ गेला, मग मी दोन्ही बूट हातात घेतले आणि अनवाणी चालले. पाण्यातली ती टेकडी पुन्हा दिसली. आता तिच्यावरचे काटे इथूनही दिसतात असं मला वाटलं. मुलगी माझ्याहून दहा-बारा पावलं पुढे होती, पण या वेळी मधूनमधून थांबत होती. ती थांबली की मीही थांबायचे. जवळ जायचं नव्हतं मला. चालता चालता मी तिला दहादा उत्तर दिलं, मनातल्या मनात. नऊ वेळा नाही म्हणाले.

डिंभ्याच्या स्टॉपवर पोचलो तेव्हा चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं, मंचरची गाडी गेली. पुढची? "येईल." हाच शब्द सकाळपासून ऐकत होते मी. आभाळ पुन्हा भरून आलं होतं. बाकावर बसलो, मधे कोंबांची पिशवी. ती माझ्याकडे बघत होती, मी रस्त्याकडे.

वरून एक जीप आली. माणसांनी भरलेली, टपावर पोती. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "मंचर, मंचर! या, एक शीट हाय."

मुलगी उठली नाही. आम्ही दोघी आहोत, एका सीटचा प्रश्नच नव्हता. नाही म्हणून मी मानही हलवली होती.

"या वो मावशी," ड्रायव्हर म्हणाला, "दोघी बसाल, व्हईल दाबून. आतलं लेकरू घेईल कुनीतरी मांडीवं." आत लोक सरकलेही. जीपमध्ये जागा कशी होते ते मला काय कुणी सांगायला हवं? जिथे तीन बसतात तिथे पाच मावतात. मी उठून उभी राहिले, पिशवी उचलली, पाय पायरीवर ठेवणार, आणि माझ्या तोंडून शब्द निघाले.

"मला नाही यायचं. हिला न्या. माझं इथं जरा काम आहे."

डिंभ्यात माझं काय काम असणार? चिखलाने भरलेली साडी, हातात फाटके बूट, नवऱ्याकडचं किंवा माहेरचं कुणी या गावात नाही. मुलीला ते ठाऊक होतं. तिने माझ्याकडे बघितलं, त्या दिवसात पहिल्यांदा नीट बघितलं. मी तिच्या हातात पिशवी दिली आणि तिला पाठीवर हात ठेवून जरा जोरातच आत ढकललं. ती दोन बायांच्या मधे अर्धवट टेकली.

"आई, आणि सोमवारी?"

"सोमवारी मला ड्यूटी लागलीय," मी म्हणाले.

रजेच्या अर्जावर झालेली सही तिने स्वतः बघितली होती. ड्रायव्हरने गिअर टाकला. मग तिने मान बाहेर काढली आणि ओरडून सांगितलं, "घरी पोचले की फोन करते!"

"काही गरज नाही!" मी ओरडले, आणि जीप वळणाआड जायच्या आत पर्समधून मोबाइल काढून, रेंज आहे का ते बघून, हातात धरून बाकावर बसले.